दिलीपच्या एकट्याच्या नावावरचं अपील

माणूस मेला, मग त्याची तारीख लागली.

आमच्या दिलीपचं सांगून राहिले. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर सगळे त्याचा फोटो टाकताहेत. "निर्भीड पत्रकार." "झुंजार लेखणी."
कृपा करा रे बाप्पा.

निर्भीड कुठला? ऑफिसात पाल दिसली की मला हाका मारायचा.
तंबाखूचा खर्रा सोडला म्हणून वहिनींसमोर शपथ घ्यायचा, तेव्हाही खर्रा गालातच असायचा.

त्याला कोणी मारलं नाही. रविवारी दुपारी जेवून लवंडला, अटॅक आला, गेला. बातमी होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण त्याचं एक काम अर्धवट राहिलं. तेवढं सांगते आणि गप्प बसते.

मौद्याच्या रस्त्याला एक वस्ती आहे. नाव लिहीत नाही, बायांची नावंही बदलली आहेत.
तिथल्या बोअरचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे पडले. तरण्याताठ्या बाया गुडघ्यावर हात ठेवून उठतात.

सरकारी माणसं आली, पाण्याच्या बाटल्या भरून तपासायला घेऊन गेली.
रिपोर्ट काही आला नाही.
वस्ती तेच पाणी पीत राहिली. दुसरं होतंच कुठं?

दिलीपनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्या पाण्यात काय सापडलं ते सांगा, एवढंच मागितलं.

उत्तर आलं, "अहवाल आढळून येत नाही."
पहिलं अपील केलं. "शोध सुरू आहे."
मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथं फक्त वाट पाहायची. रेशनच्या लाईनीतही माणूस पुढं सरकतो हो, इथं तेही नाही.

वस्तीतल्या सुनंदाबाई तेव्हा त्याच्या मागे लागल्या होत्या.
"भाऊ, आमचंबी नाव टाका ना. पाणी तं आमीच पिऊन राहिलो."

हा ऐकेचना.
"नाही बाई. अर्जावर नाव-पत्ता असते. उद्या कोणी घरी येऊन दम देईन, पोराचा दाखला अडवीन. माझं काय वाकडं करतीन? माझं एकट्याचं राहू द्या."

त्याची कामाची पद्धतच ही. काम गावाचं, नाव त्याच्या एकट्याचं.

मी भांडले होते त्याच्याशी. "अबे, सगळं स्वतःच्याच नावावर काहून ठेवून राहिला तू? उद्या तुला काही झालं म्हणजे?"

"मले काय होते वं? घोड्यावानी आहो मी."

घोडा म्हणे!

तो गेल्यावर काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "वैशाली, यांच्या नावानं सुनावणीचं पत्र आलं आहे. काय करू मी?"

आम्ही दोघी गेलो. सुनंदाबाई दिवसाची मजुरी बुडवून आल्या.

साहेबांनी विचारलं, "अपीलकर्ता हजर आहे का?"

वहिनी उठल्या. "ते वारले," म्हणाल्या. मग मृत्यूचा दाखला पुढं केला. दुसरं काय करणार होत्या?

साहेब वाईट माणूस नव्हते. "फार वाईट झालं," म्हणाले. आणि टायपिस्टला सांगितलं, "अपीलकर्ता मयत. अपील निकाली."

"अहो सर, अर्ज करणारा मेला, पाणी पिणारे जिवंत आहेत ना!" माझा आवाज चढला.

"मॅडम, अपील त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. तुम्ही नव्यानं अर्ज करा."

नव्यानं. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर.

इतकी थकले मी त्या दिवशी. चिडायलाही अंगात जीव लागतो. जो काही होता तो दिलीपवर चिडण्यात गेला. सगळ्यांना आडोशाला ठेवलं यानं, आणि आडोसाच पडला.

सुनंदाबाई बाहेर येऊन थेट बसस्टँडकडे निघाल्या. चहाही घेतला नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला.
"ताई, तो अर्ज कसा लिवते, सांगा मले."

"मी टाकते ना माझ्या नावानं."

"म्हंजे उद्या तुमी बी मेल्या, तं मंग आमी कोणाच्या तोंडाकडं पाहाचं?"

मग गेले आणि शिकवलं.

वस्तीतल्या बायांनी एकेकीनं आपापल्या नावानं अर्ज टाकला. कोणाची सही, कोणाचा अंगठा.
खिडकीवरचा बाबू वैतागला. "सारखेच अर्ज कशाला इतके?"
सुनंदाबाई म्हणाल्या, "सारखे कुठी साहेब? हर एकीचं लेकरू अलग आहे."

दिलीप, तू लपवून ठेवलेली सगळी नावं आता त्या ऑफिसात शिक्का मारून जमा आहेत. तू असतास तर माझ्यावर ओरडला असतास. मलाही धास्ती वाटते, खोटं कशाला बोलू.

आणि व्हायचं तेच झालं. परवा एक माणूस वस्तीत आला. घरोघरी फिरला. अर्ज वापस घ्या म्हणाला. कोणी घेतला नाही.

मग विचारायला लागला, "तुमाले हे शिकवलं कोणं? नाव सांगा त्याचं."

दर घरी त्याला एकच नाव मिळालं. तुझं.
बायांनी आपसात काही ठरवलंही नव्हतं म्हणे.

त्यानं नाव लिहून घेतलं. पत्ता विचारला, तर सुनंदाबाई म्हणाल्या, "पत्ता मालूम नाही. येत असते अधूनमधून."

ही पोस्ट वाचून तू गेल्याचं त्याला कळलं तर कळू दे. मेलेल्याला काय दम देणार आहे तो?

रिपोर्ट अजून आलेला नाही.

तुला शोधून राहिले ते, दिलीप. शोधू दे.
तू निवांत पड बाप्पा. वर्षाचा नमस्कार घे माझा.