दीड हजार वर्षं उशिरा आलेली बातमी

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी मदत केली, हे आधी लिहून टाकतो. नंतर लिहू म्हटलं की मी दुसऱ्याच गोष्टींत अडकतो आणि आभार राहून जातात. शारजात आम्ही तिघं एकत्र राहू शकलो ते काकूंमुळं. काकू पुण्याच्या, काका हमरिया फ्री झोनमध्ये अकाउंट्सला. आमच्या नात्यातल्या नाहीत. संबंध एवढाच की दारं समोरासमोर होती आणि त्यांचं बहुतेक वेळा उघडं असायचं.

मी नववीतून शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं असंही घरी म्हणतात. नव्वदच्या दशकात रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. एक दिवस फोरमन म्हणाला, शारजात एका साहेबांना सिरॅमिक्सचा माणूस पाहिजे.

मी म्हटलं, "मी टाइल्स खोक्यात भरतो."

"सिरॅमिकच आहे ना ते? जा."

साहेबांनी मला एका खोलीत नेलं. भिंतभर काचेची कपाटं, त्यांत मातीची भांडी. त्यांनी एकच प्रश्न विचारला : आजवर किती फोडलंस? मी घाबरलो की खरं बोलतो. म्हटलं, "रोज फुटतात, सर." आधी आलेल्या सगळ्यांनी एकही नाही म्हणून सांगितलं होतं म्हणे. मला ठेवून घेतलं.

साहेब अरब, पण त्यांचे आजोबा व्यापारासाठी पेरूला गेलेले आणि साहेब तिथंच वाढलेले. पेरू नावाचा देश आहे हे मला तेव्हा कळलं. फळावरून करता येतील तेवढे विनोद खोलीवरच्या पोरांनी पहिल्या आठवड्यातच करून संपवले. साहेबांचा धंदा पाइपांचा होता, जीव मात्र या भांड्यांत. त्या देशातली हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची भांडी आणि कापडं ते कुठल्या कुठल्या लिलावांतून आणायचे. नवीन वस्तू आली की दोन दिवस ऑफिसला जायचे नाहीत.

माझं काम सोपं होतं. ब्रशनं धूळ काढायची, पडदे उघडायचे नाहीत, एसी बंद पडू द्यायचा नाही. भांड्यांची मला सवय झाली. एका भांड्याचा आकार गाल सुजलेल्या माणसाचा होता. एक कुत्रा होता, झोपलेला. एका भांड्यावर अख्ख्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, मातीच्याच, पण सोलून खाव्यात अशा. कापडं सपाट ड्रॉवरमध्ये ठेवलेली, त्यांना हात लावायचा तो पांढरे हातमोजे घालून. पगार फॅमिली व्हिसा मिळण्याइतका होता, जेमतेम. बायको आणि मुलगी आली. कुणीतरी येऊन सांगेल, चूक झाली, आम्हाला खरा सिरॅमिक्सचा माणूस पाहिजे होता, याची मी रोज सकाळी वाट बघायचो.

तसं कुणी आलं नाही. उलट साहेबांनी एका शुक्रवारी आम्हाला सहकुटुंब चहाला बोलावलं. केक होता. मग साहेबांनी स्वतः ड्रॉवर उघडून एक कापड दाखवलं. लालभडक, काठाला पक्षी. बायकोला साड्यांची नजर आहे, ती वाकून बघत राहिली. मुलगी पक्षी मोजायला लागली.

"विचारा ना," बायको हळूच म्हणाली, "कोण नेसायचं हे?"

मी विचारलं. साहेबांना कुणी काही विचारलं की फार बरं वाटायचं. त्यांनी सविस्तर सांगितलं. माणूस गेला की त्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवायचे. मग कापडं गुंडाळायची, एकावर एक. भोवती भांडी ठेवायची, आणि पुरायचं. इथलं बहुतेक सगळं सामान तिथूनच निघालेलं. वाळवंट असल्यामुळं रंग टिकले. "ड्राय, लाइक हियर," साहेब म्हणाले. "व्हेरी गुड फॉर द डेड."

भाषांतर करताना शेवटचं वाक्य मी गाळलं. पण तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

टॅक्सीत तिनं मुलीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. घराच्या दारात म्हणाली, "थांबा. कशाला हात लावू नका."

त्या दिवसापासून दारापासून बाथरूमपर्यंत जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. मी संध्याकाळी आलो की त्यांवरून चालत जायचो, डोक्यावरून आंघोळ करायचो, मगच मुलीला घ्यायचो. उन्हाळ्यात शारजात थंड नळालाही कढत पाणी येतं, त्यामुळं आंघोळ म्हणजे प्रायश्चित्तच. मुलीला वाटायचं हा खेळ आहे. तीही कागदाबाहेर पाय न टाकता माझ्यामागून उड्या मारत यायची आणि मार खायची.

मग गणपती जवळ आले.

"सुतकाच्या घरात गणपती बसवत नाहीत," बायको म्हणाली. "तुम्ही दिवसभर मयताच्या सामानात बसता, त्याच हातानं पोरीला भरवता. मला रात्री झोप लागत नाही. हे काम सोडा, नाहीतर आम्हाला गावी पाठवा."

ती भांडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. काम सोडलं असतं तर व्हिसा कॅन्सल होऊन तिघंही गावी गेलो असतो. न सोडलं असतं तर त्या दोघी. म्हणजे दोन्हींकडून त्या जाणारच होत्या, प्रश्न फक्त माझा होता. साहेबांना काय सांगणार? तुमच्या भांड्यांचं आम्हाला सुतक आहे?

मी दारात बूट काढत होतो तेव्हा समोरून काकू म्हणाल्या, "अहो, घराला रंग काढताय का?"

"नाही काकू."

"मग रोज पेपर कसले अंथरता?"

मी दुसरा बूट काढायला लागलो. बायको बाहेर आली आणि तिनं सगळं सांगितलं, रडत नाही पण रडल्यासारखं. काकू आत आल्या, कागदांच्या कडेकडेनं, आणि खुर्चीवर बसल्या.

"किती वर्षं झाली म्हणता ती माणसं जाऊन?"

"साहेब दीड हजार म्हणतात."

"तुमच्या भाऊबंदांपैकी?"

"नाही हो काकू. पेरूची."

"मग सुतक कुणाचं लावून घेताय? आणि लागतंय असं धरलं, तरी लांबची बातमी उशिरा कळली तर नुसत्या आंघोळीनं सुटतं. ही बातमी दीड हजार वर्षं उशिरा आली. आंघोळ केली ना तुम्ही?"

"रोज करतो."

"मग संपलं. खलास."

"पण रोज नव्यानं हात लागतो ना," बायको म्हणाली.

"अगं, तिथं रोज नव्यानं कुणी जातंय का?"

काकूंचा मुलगा त्यांच्या दारात उभा होता. "ममा, दॅट्स नॉट लॉजिकल."

"तू अभ्यास कर," काकू म्हणाल्या.

मला वाटलं सुटलो. पण बायको खाली बघत म्हणाली, "काकू, ते कापड कुणीतरी बसून विणलं असेल ना. आईनं, नाहीतर बायकोनं. आणि मग गुंडाळलं असेल. ते अंगावरून काढून आणलंय. त्यांचं आता कोण करत असेल?"

यावर काकू उठून घरी गेल्या आणि पंचांग घेऊन आल्या.

"गणपती बसवा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर पितृपक्ष आहे. सर्वपित्रीला ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्याही नावानं घास काढतात. त्यांच्यासाठी एक पान वाढू. मी येते मदतीला."

"मग तोवर थांबते," बायको म्हणाली. "पुढचं नंतर सांगते."

गणपती बसले. आरतीला मी सगळ्यात मागं उभा राहिलो, खबरदारी म्हणून.

पुढचा प्रश्न होता, पेरूच्या पितरांना वाढायचं काय. काकूंच्या मते वरणभात त्यांना सोसला नसता. तेव्हा मी साहेबांना विचारलं, सर, ही माणसं जेवायची काय? साहेबांना वाटलं मला अभ्यासाची गोडी लागली. त्यांनी मला एकेका कपाटासमोर नेऊन दाखवलं. हा मका. ही मिरची. हा बटाटा. ही भुईमुगाची शेंग. हे रताळं. ज्याच्यापासून साबुदाणा करतात ते कंद हे. सगळं मूळचं त्यांच्या बाजूचं, आपल्याकडं फार नंतर पोचलेलं. शिवाय घुशीएवढा एक प्राणी भाजून खायचे. तो आम्ही वगळायचं ठरवलं.

मी घरी येऊन यादी सांगितली.

बायको कांदा चिरता चिरता थांबली. "म्हणजे आपलं उपासाचं सगळं त्यांचंच?"

"बटाटा, रताळं, दाणे, मिरची, साबुदाणा," काकूंनी बोटांवर मोजलं. "अगं, आपण त्यांच्या जिवावर एकादश्या करतोय."

सर्वपित्रीला मी साहेबांकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली. कारण विचारलं तर फॅमिली फंक्शन म्हणालो. बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, मक्याची उसळ, दाण्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी. केळीचं पान बायकोनं मांडलं, वाढलंही तिनंच, अगदी घरच्यांना वाढतात तसं. ते घेऊन आम्ही गच्चीकडं निघालो, तर जिन्यात वॉचमन आडवा आला.

"भाभी, ऊपर खाना मना है."

"खाना हमारा नहीं है," काकू म्हणाल्या.

"किसका है?"

"पेरू के लोगों का है. वो लोग मर गये."

वॉचमन जरा वेळ पानाकडं बघत राहिला. मग त्यानं गच्चीची किल्ली दिली आणि सॉरी म्हणाला.

वर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत पान ठेवलं. कावळा येईना. ऊन असं की चटणी पुन्हा भाजली जात होती. शेवटी एक मैना आली आणि तिनं मका उचलला. बायकोनं काकूंकडं बघितलं.

"चालेल," काकू म्हणाल्या. "त्यांच्याकडं या कामाला कुठला पक्षी असतो, आपल्याला काय माहीत?"

बायकोनं पानाला हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर दारापासून आतपर्यंत नुसती फरशी. कागद नव्हते. मी उंबऱ्यातच थांबलो.

"उभे काय राहिलात?" बायको आतून म्हणाली. "उद्या येताना शाळेत जाऊन या. पोरीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म आणायचाय."

मुलगी तिथंच केजीपासून शिकली. आता ती आमच्याशी इंग्रजीत बोलते आणि आम्ही मराठीत उत्तर देतो.

काकूंनी ज्या भांड्यांचा निवाडा केला, त्यातलं एकही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ते शेंगांचं भांडं एकदा दाखवा हो," म्हणायच्या. साहेब तयार होते. दिवसही ठरला होता, पण त्याआधी काकांची नोकरी संपली आणि त्यांना पुण्याला परतावं लागलं. पुढं साहेबांचं वय झालं आणि त्यांनी सगळा संग्रह युरोपातल्या एका म्युझियमला देऊन टाकला. पॅकिंग मी केलं. एकही फुटलं नाही, आणि यावर साहेबांचा विश्वास बसेना.

काकूंचे गुडघे आता दुखतात. मी फोन केला की त्या आधी शेंगांच्या भांड्याची चौकशी करतात, मग माझी. मी त्यांना त्या म्युझियममध्ये घेऊन जाणार आहे, खिडकीची सीट, व्हीलचेअर, सगळं करून. इन्शाल्ला मुद्दाम म्हणत नाही, कारण इथं त्याचा अर्थ बरेचदा 'नाही' असाच निघतो. नेणार म्हणजे नेणार.