मोठीमायचं नाक

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी मोठीमायच्या नाकाखालून जायची आणि मगच घरात यायची. दूध, डाळ, नवं कापड, इतकंच काय, शाळेतून आलेला मीसुद्धा. जवळ ओढून डोकं हुंगायची आणि म्हणायची, "आज नदीवर गेलता." मी देवाच्या शपथा घ्यायचो. "तोंड खोटं बोलते बापू, वास नाही बोलत," म्हणत ती धपाटा घालायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. मूलबाळ नव्हतं. काका गेल्यावर पांढरकवड्याच्या एका जिनिंग कारखान्यात तिनं कितीतरी वर्षं कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचला. पण तिथं तिला मान होता तो नाकामुळे. कापसाच्या ढिगात ठिणगी धुमसायला लागली की सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. "कापसाची आग मोठी लाजरी. आतल्या आत सारं खाऊन मंग तोंड दाखवते," असं ती सांगायची. गुडघे गेले तेव्हा मी तिला महागावजवळच्या आमच्या गावी घेऊन आलो. तसंही काका होते तोवर याच घरात मला वाढवलं होतं तिनंच.

त्या वर्षी मी जुनी गाडी घेतली आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गाडीतून जळका वास यायला लागला. दहा-बारा किलोमीटर झाले की यायचा, गाडी थांबवली की गायब! पुसदचा मिस्त्री म्हणाला, क्लच प्लेट. बदलली. वास तिथंच. मग म्हणाला, पट्टा. तोही बदलला. मोठीमाय म्हणाली, "मले नेऊन हुंगू दे एकदा." मी हसलो. "गाडी काय वांग्याची भाजी हाये?" शेडमध्ये वेचून ठेवलेल्या कापसाला लागून गाडी उभी करू नको, हेही तिनं दोनदा बजावलं होतं. पण ऐकेल तो मी कसला!

आणि एका दुपारी माझ्या बायकोला, रेखाला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. तिला मागे निजवलं, मोठीमाय उशाशी बसली, आणि मी पुसदच्या दिशेनं गाडी पिटाळली. दहा किलोमीटर उरले असतील, तोच तो वास आला. या खेपेला दाट.

"थांबव," मोठीमाय म्हणाली.

"क्लचचा वास हाये. पोचल्यावर पाहू."

"क्लच मले माहीत नाही. हा कापूस जळून राह्यला. थांबव म्हटलं न!"

मागे रेखा किंचाळत होती. माझं डोकंच फिरलं. "तुझ्या नाकापायी माझं लेकरू जाईल! तुले काय समजते लेकराचं?"

हे मी तिला म्हणालो. जिनं मला वाढवलं, तिला. तिनं सरळ चालत्या गाडीचं दार उघडलं. मी करकचून ब्रेक मारला.

बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. मी झडप घालणार, तर तिनं मनगट धरलं. "एकदम उघडू नको. वारा लागला का भडकन. पहिले पोरीले दूर ने." रेखाला निंबाखाली बसवून मी पळत आलो. बॉनेट हळूच उचललं, बाटली ओतली. चर्र झालं, धूर बसला.

"इझलं! चाल बस लवकर!"

"वरून पानी टाकल्यानं कापूस इझत नाही रे. पोटात जळत राह्यते."

तिनं पदर ओला करून हाताला गुंडाळला आणि सायलेन्सरच्या नळीवरच्या पत्र्यामागे हात घातला. मूठभर कापूस निघाला. मग आणखी एक मूठ. आमच्याच शेडमधला कापूस नेऊन उंदरांनी तिथं घर केलं होतं. प्रत्येक गोळा ती मातीवर फाडायची, आतला लाल कण अंगठ्यानं चिरडायची. पदर सुटला, तरी हात थांबेना. तिथून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी होती. शेवटी तिनं आत तोंड घालून हुंगलं. "आता चाल," म्हणाली.

दीड तासानं मुलगी झाली. मोठीमायच्या दोन्ही हातांना पट्ट्या, त्यामुळे लेकराला घेता येईना. तिनं वाकून टाळू हुंगली. "आपलीच हाये," म्हणाली आणि रडली. मी बाजूलाच उभा होतो. आमच्या तोंडात शिवी पटकन येते, माफी मात्र घशातच अडकते. ती पुढं सहा वर्षं अडकून राहिली.

मोठीमाय जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. तिला धाप लागली होती, मी त्याच रस्त्यानं दवाखान्यात नेत होतो. निंबाजवळ ती पुटपुटली, "बापू, वास येते का रे काही? मले आता काहीच कळून नाही राह्यलं."

गाडीत काही नव्हतं. रोज सकाळी त्या पत्र्यामागे हात घातल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. डॉक्टर वाट पाहत होते.

"पाह्य एकदा उतरून," ती म्हणाली.

मी गाडी थांबवली. बॉनेट हळूच उचललं, पत्र्यामागे हात फिरवला आणि तो तळवा तिच्या नाकाशी धरला. "कापूस नाही, मोठीमाय." आणि मग एकदाचं म्हणालो, "त्या दिवशी मी लई वाईट बोललो तुले."

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हुंगला.

"आता चाल," म्हणाली.