दाराचं हँडल

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात सफाई करायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या असतील. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या की कोंदट हवा बाहेर जावी म्हणून कडाक्याच्या थंडीतही पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. त्यांची पाठ वळली की माझ्याजवळची मी लावून घ्यायचो, थंडी बाधेल म्हणून. आणि दर महिन्याला आजारी पडायचो तोही मीच.

तरी रजा घ्यायचो नाही. पुण्याच्या ऑफिसात तापातही कामावर येणाऱ्याचं कौतुक व्हायचं, ते अंगात मुरलेलं. एकदा तर डॉक्टरांनी दिलेली आठवड्याच्या रजेची चिठ्ठी खिशात ठेवून मी खोकत ऑफिसात आलो.

माझं टेबल पुसता पुसता बाई थांबल्या. "आजारी आहात?"

"थोडा ताप आहे. पण आलो!" मी ऐटीत म्हणालो.

"माझ्या आईची केमो चालू आहे, साधी सर्दीही तिला झेपणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथून घरी गेले की तिला मी भरवते. तुम्ही कुणासाठी आलात?"

मी बॅग उचलून निघालो. लिफ्टपाशी मागे वळून पाहिलं, तर मी आत्ताच धरलेलं दाराचं हँडल त्या नेहमीच्याच निगुतीने पुसत होत्या.