पगारेभाऊ आणि निळ्या गाडीचं दार

सहादू पगारे आमचे शेजारी. जेलरोडला त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. त्यांच्या डोळ्यांबद्दल आधी सांगते, कारण त्या डोळ्यांनी आख्ख्या कॉलनीला हैराण केलं आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी छापलेले कागद तपासण्यात गेली. कुठे शाई पसरली, कुठे रेघ तुटली, कुठे रंग फिका उतरला, ते बघायचं आणि तसा कागद बाजूला काढायचा. भाऊ रिटायर झाले, डोळे झाले नाहीत. आमच्या घरावरची नावाची पाटी एका बाजूला उतरती आहे, हे त्यांनी मला वास्तुशांतीच्या पंगतीत, माझ्याच हातचं श्रीखंड खाता खाता सांगितलं. मी लता, तोंडाने काही कमी नाही, पण त्या दिवशी मी आधी बाहेर जाऊन पाटी बघून आले. पाटी खरंच उतरती होती.

माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर पहिले हजर. पण चांगलं म्हणून एखादी गोष्ट त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ. त्यांची लेक स्नेहल दहावीला शाळेत दुसरी आली, तेव्हा त्यांनी गुणपत्रिका हातात घेऊन भूगोलाचे मार्क कुठे गेले एवढंच विचारलं. पोरगी हसली होती तेव्हा. बापाची तिला सवय होती.

स्नेहल आता पेठच्या पुढे एका पाड्यावर शिक्षिका आहे. इतकी वर्षं पेठपर्यंत पहाटेची एसटी, तिथून जीप, आणि जीप नाही मिळाली तर पायी. यंदा तिने स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली. गडद निळी, छोटीशी. एका शनिवारी संध्याकाळी ती गाडी गल्लीत आली तेव्हा चांगुणाताईंनी, म्हणजे तिच्या आईने, हार घातला, मी पेढे वाटले, पोरं हॉर्न वाजवून बघत होती. पगारेभाऊ बाहेर आले. हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूच्या पुढच्या दाराशी थांबले, वाकले आणि म्हणाले, “हे दार मागाहून रंगवेल हाये. ठोकेल गाडी दिली तुला.”

ठोकलेली गाडी गळ्यात मारली म्हणे, हॉर्न वाजवणाऱ्या पोरांनीही हात काढून घेतला. स्नेहलने हातातला पेढा परत डब्यात ठेवला, “असेल,” म्हणाली आणि आत गेली. मला त्या वेळी भाऊंचा असा संताप आला म्हणून सांगू.

त्यानंतर ती गाडी आमच्या गल्लीत दिसली नाही. स्नेहल गाडी बुद्धविहारापाशी लावायची आणि घरापर्यंत चालत यायची. चांगुणाताई भिंतीपलीकडून मला सांगत होत्या की पोरगी गाडी विकून टाकायचं म्हणते, परत एसटीने जाईन म्हणते. गाडीला काही झालेलं नव्हतं. तिची हौस गेली होती, एवढंच. मग मी भाऊंना गाठलं आणि सरळ बोलले. दार रंगवलेलं असेलही, पण ते त्याच दिवशी, त्याच घटकेला बोलायची काय गरज होती, असं विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं.

पुढे काही दिवसांनी चांगुणाताईंकडून कळलं की भाऊंनी एकाच घरात राहणाऱ्या लेकीला फोन करून सांगितलं, रविवारी गाडी घरी ठेव, रंगाचं मी बघतो. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा ही माफीच समजायची होती. पण ज्या माणसाने जन्मात सायकलखेरीज काही चालवलं नाही, तो गाडीच्या रंगाचं काय बघणार? मला राहवेना. रविवारी सकाळी मेथीची जुडी आणि स्टूल घेऊन मी ओट्यावर येऊन बसले.

स्नेहल गाडी लावून, किल्ली आईकडे देऊन मतदार याद्यांच्या कामाला निघून गेली होती. बापाशी एक शब्द बोलली नाही. भाऊ बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार. आठवडाभर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते आणि मुंबई नाक्याकडच्या दुकानातून पिशवीभर सामान आणलं होतं. दोन बादल्या होत्या. दोन कशाला, मी विचारलं. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. फडका गाडीवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, म्हणजे त्यातली माती पुन्हा गाडीवर जात नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी जन्मभर फरशी एकाच बादलीत पुसत आले.

गाडी धुऊन झाली, मला वाटलं झालं काम. पण भाऊंनी एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घातली आणि बॉनेटवरून हात फिरवला. मग मला बोलावलं. नुसत्या हाताला बॉनेट गुळगुळीत लागत होतं. पिशवी घालून हात फिरवला तर खरखर, जणू वर रवा सांडलाय. धुतलेल्या गाडीवर एवढं काय राहिलं होतं? हवेतली धूळ, कारखान्यांकडून येणारे लोखंडाचे बारीक कण, ते रंगात रुतून बसतात, असं त्यांनी सांगितलं. मला त्या पिशवीचं वेडच लागलं. मी घरात जाऊन फ्रिज तपासला, आमची स्कूटर तपासली, समोरच्या कमळाबाईंची नवीकोरी गाडीसुद्धा त्यांना न विचारता तपासली. सगळीकडे रवा. कमळाबाईंना सांगितलं तर त्या रागावल्या, आणि क्षणभर मला कळलं की भाऊंचं आयुष्य कसं गेलं असेल.

तो रवा काढायला एक राखाडी मऊ गोळा असतो. कणकेसारखा मळायचा, साबणाच्या पाण्याने गाडीचं अंग ओलं करायचं आणि हलक्या हाताने घासायचा. खालची बाजू काळी झाली की पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर घ्यायची. मलाही एक तुकडा मिळाला. माझ्या हातून तो खाली पडला, मी उचलून पुन्हा लावणार तोच भाऊंनी काढून घेतला आणि सरळ कचऱ्यात टाकला. जमिनीवर पडला की त्यात खडा रुततो, मग तो रंग ओरबाडतो. मला वाईट वाटलं खरं, पण तेवढ्यात त्यांनी दुसरा तुकडा हातात ठेवला.

मग त्यांनी टॉर्च आणली. उजेड पाडला तसे निळ्या रंगावर बारीक बारीक गोल ओरखडे दिसायला लागले, हजारोंनी. कोणी मुद्दाम केलं असेल का, मी विचारलं. भाऊ टॉर्च तिरकी धरून म्हणाले, आधीचा मालक रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसत असणार. धुळीसकट पुसली की असेच ओरखडे पडतात. आमचे हे रोज सकाळी जुन्या बनियनने स्कूटर तशीच पुसतात, त्यांना मी तिथूनच हाक मारून बंद करायला लावलं. भाऊ मात्र फडका साध्या पाण्यात खंगाळत होते. “तो मालक चांगल्यासाठीच पुसत असल ना वहिनी,” एवढं म्हणाले आणि कामाला लागले.

पॉलिश हाताने लावायचं म्हणजे खांदे भरून येतात. हातभर जागा घ्यायची, घासायची, पुसायची, टॉर्च मारायची. ओरखडे सगळे गेले नाहीत, पण बरेच विरले. दुपारपर्यंत बॉनेटमध्ये वरच्या विजेच्या तारा दिसायला लागल्या, समोरचं बदामाचं झाड पानापानासकट दिसायला लागलं. तो निळा रंग इतका खोल असेल असं मला वाटलं नव्हतं. जेवायलासुद्धा भाऊ उठले नाहीत. चांगुणाताईंनी भाकरीत ठेचा घालून आणून दिला, तो उभ्यानेच खाल्ला.

डावीकडचं पुढचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. सगळी गाडी चमकली की दारही त्यात मिसळून जाईल, पोरीला फरक दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब. झालं उलटंच. बाकीच्या गाडीचा मूळ रंग जसजसा उजळला तसतसं ते दार वेगळं पडलं. आधी फक्त भाऊंना दिसत होतं, आता मला ओट्यावरून दिसायला लागलं. रंग किंचित राखाडी, आणि जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत. भाऊंनी पुन्हा पुन्हा घासलं. शेवटी हात थांबवला, कारण जास्त घासलं तर रंगच निघतो. उपड्या बादलीवर बसले आणि दाराकडे बघत राहिले. त्यांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

गाडी ती बाजू भिंतीकडे करून लावा, असा सल्ला मी दिला. भाऊंनी त्यावर खरोखर विचार केला. पण गाडी वळवणार कोण? त्यांना चालवता येत नाही, मलाही नाही.

उन्हं कलायच्या आतच स्नेहल रिक्षातून उतरली. गाडी बघून पहिल्यांदा जागीच थांबली. मग हळूहळू फेरी मारायला लागली, बॉनेटवर वाकून स्वतःचं तोंड पाहिलं. ती दाराशी आली.

“पप्पा, दार आता लांबूनही ओळखू येतंय.”

“हो,” भाऊ म्हणाले. “बाकीचं घासलं म्हणून झालं तसं. याला माझ्याकडं इलाज नाय.”

ती थोडा वेळ त्या दारावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मला घेतानाच माहीत होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, म्हणून तर परवडली.” तिने बोट दारावरून काढलं. “मला वाटलं होतं, तुम्ही आधी आत बसाल.”

भाऊ उठून उभे राहिले. हातातला फडका नुसताच चुरगाळत होते. म्हणाले, “आज दिवसभर घासतोय गं हिला. आत डोकावलो पण नाय.” आणि मग, फडका बादलीत टाकून, “चुकलं माझं.” चांगुणाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही हे शब्द पहिल्यांदाच ऐकले असावेत.

स्नेहलने आईकडून किल्ली घेतली, तेच दार उघडलं आणि बसा म्हणाली. बनियन पॉलिशने भरलेलं, सीट खराब होईल, असं ते म्हणत होते. तिने ऐकलं नाही. चांगुणाताई मागे बसल्या. कुठे निघालात, मी विचारलं. पप्पांना शाळा दाखवून आणते, ती म्हणाली. रविवारी बंद असते, पण बाहेरून तर दिसेल. इतक्या वर्षांत भाऊ कधी तिथे गेले नव्हते.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. भाऊ ज्या दारातून गाडीत बसले तिथे रस्त्यावर त्यांच्या चपला राहिल्या होत्या, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. देवळात किंवा विहारात जाताना काढतो तशा. मी त्या चपला उचलल्या आणि आमच्या ओट्यावर ठेवल्या.