गाडीला झोप लागेना

कारखान्यात तेहेतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मशीनचे फॉल्ट शोधले. निवृत्त झालो आणि एक जुनी प्लग-इन हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन असतंच, शिवाय सीटखाली एक मोठी बॅटरी, ती घरच्या विजेवर चार्ज होते. आणि डिकीत एक छोटी, साधी बारा व्होल्टची बॅटरी. दारं उघडणं, दिवे, गाडी सुरू करणं, सगळं या छोटीच्या हातात. छोटी मेली की मोठी भरलेली असून काही उपयोग नाही.

छोटी पहिल्यांदा मेली ती सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला न्यायचं होतं त्या सकाळी. दार किल्लीने उघडलं, पण डिकीचं झाकण विजेवर चालणारं. म्हणून मी मागच्या सीटवरून रांगत डिकीत शिरलो. पाय दाराबाहेर होते. सोसायटीतले तिघे मॉर्निंग वॉक थांबवून उभे राहिले. सासूबाई रिक्षाने गेल्या.

सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलली. आठवड्यात नवीही मेली, तेव्हा आम्ही शहाडला साखरपुड्याला निघालो होतो. त्यांनी ती चार्ज करून दिली आणि म्हणाले, "गाडी वापरत जा सर." मी फक्त रविवारी वापरायचो, हे खरं होतं. पण गुरुवारपर्यंत मरावी इतकी काही ती नाजूक नसते. मी वॉचमनवर संशय घेतला, मग उंदरांवर. घरातला मीटर घेऊन एकेक फ्यूज काढून पाहिला. काही सापडलं नाही.

तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "अहो, आता तरी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा."

ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला, तो कळव्याचा होता. कोळ्यांच्या घरातला, चाळिशीचा. खाडीतल्या होड्यांच्या इंजिनांवर हात बसलेला, आता गाड्यांची वायरिंग करायचा. तो डोंबिवलीला आमच्या पार्किंगमध्ये आला, छोटी चार्ज करून घेतली, तिच्या वायरभोवती किती वीज जाते ते दाखवणारा एक चिमटा-मीटर अडकवला. दारांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवली, म्हणजे दारं उघडी असूनही गाडीला ती बंद वाटावीत.

"आता थांबायचं," तो म्हणाला. "बंद केल्यावर लगेच झोपत नाही ही. पाऊण तास तरी द्या."

बायकोने चहा खाली आणला. आम्ही तिघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आवाज का कुणास ठाऊक, सगळ्यांनीच खाली आणला होता. मीटरवरचा आकडा उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आला.

"झोपली," तो हळूच म्हणाला. "म्हणजे गाडीत काही खराबी दिसत नाही."

मग अचानक आकडा सहा अँपिअरवर गेला. गाडीत कुठेतरी टक् असा आवाज झाला.

"कोणी हात लावला?"

कोणीच लावला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात मोबाइल होता.

"मी फक्त किती टक्के आहे ते बघितलं," मी म्हणालो.

गाडीचं एक ॲप असतं. मोठ्या बॅटरीत किती चार्ज आहे ते त्यात घरबसल्या दिसतं. ते विचारलं की गाडी जागी होते, उत्तर देते आणि पुन्हा झोपायला तिला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ खर्च सगळा छोटीचा.

"काका, दिवसातून किती वेळा बघता?"

"दोन-तीनदा."

"तासाला," बायको म्हणाली.

त्याने मीटर काढून पिशवीत ठेवला. हसला नाही, याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

वर आल्यावर बायकोने विचारलं, "उभ्या गाडीचं बघायचं काय असतं पण?" मी खरं ते सांगितलं. सत्त्याऐंशी टक्के. तासाभराने पुन्हा सत्त्याऐंशी. कारखान्यात दर तासाला पॅनेलवरचे आकडे वहीत लिहायचो. निवृत्तीनंतर कोणी काही विचारत नव्हतं, आणि हा आकडा जागेवर असला की बरं वाटायचं. ती म्हणाली, "मला सांगायचं ना."

ॲप काढून टाकलं. छोटी बॅटरी त्यानंतर एकदाही मेली नाही.

पंधरा दिवसांनी कळव्याहून त्याचा फोन आला. "काका, असल्या केसेस वाढल्यात. मला एकेका गाडीपाशी तासभर बसायला जमत नाही. तुम्ही याल का?"

आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी कळव्याला जातो. पहिल्याच आठवड्यात एक गाडी आली, तिचा डिकीतला दिवा झाकण लावल्यावर बंद होतो की नाही हे कळेना. त्याने मला आत बसवलं आणि झाकण लावलं.

होत नव्हता. मी आतून तसं ओरडून सांगितलं.