झैनबचा हुकलेला सूड

परवा उंटरश्लाइसहाइम या जर्मन गावातल्या तुर्की दुकानात सुकवलेल्या लिंबांचा कडवट वास आला आणि मी मनानं थेट शिकत असतानाच्या गार्चिंगच्या होस्टेलच्या किचनमध्ये जाऊन पोचले.

माझ्या शेजारच्या खोलीतली बगदादची झैनब तसलीच लिंबं घालून रस्सा उकळत होती. तेव्हा इराकमध्ये शिया-सुन्नी एकमेकांच्या जिवावर उठले होते. तिचा धाकटा भाऊ बाजारात पाव आणायला गेला आणि गाडीत ठेवलेल्या बॉम्बनं मेला. ती गाडी तिथं कुणी उभी केली, हे तिला ठाऊक होतं. तो त्यांच्याच गल्लीतला, तिच्या बहिणीच्या लग्नात जेवून गेलेला. "पीएचडी झाली की जाते आणि त्याला मारते," असं ती अगदी शांतपणे म्हणायची.

त्या संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. फोन ठेवून ती म्हणाली, "तो मेला. दुसऱ्याच कुणाच्या तरी बॉम्बनं."

"सुटलीस गं," मी म्हणाले.

तिनं उकळतं पातेलं सिंकमध्ये आदळलं. "माझ्या हातून मरायला हवा होता तो! माझ्या भावाचं नाव ऐकत!"

एवढी शिकलेली मुलगी असं कसं बोलते, म्हणून मी तेव्हा घाबरले होते. आज माझा मुलगा तिच्या भावाएवढा आहे. आता तिच्या बोलण्यातला एकही शब्द मला जास्तीचा वाटत नाही.