गाझियाबादवाल्या बाई

आपला पत्ता सांगताना बाईंचा आवाज किंचित चढत असे. त्या काळी यमुनेपलीकडे राहणारे पुष्कळ लोक 'दिल्लीजवळच' असे म्हणून विषय बदलत. बाई मात्र 'गाझियाबाद' हा शब्द असा ठासून उच्चारत, की ऐकणाऱ्यालाच आपण कोठे राहतो याचा थोडा संकोच वाटावा. आमच्या पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारातील मराठी मंडळींनी त्यांना 'गाझियाबादवाल्या बाई' हे नाव थट्टेने ठेवले. त्यांनी ते पदवीसारखे स्वीकारले.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात संगणक विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. सुट्टीच्या दिवशी घरी पाच मुलींना तीच विद्या त्या शिकवत. मुली आसपासच्या कारखान्यांतील कामगारांच्या होत्या. देशाची दारे नुकतीच बाहेरच्या व्यापाराला उघडली होती, आणि संगणकाचा उच्चार झाला की लोक दक्षिणेकडे बोट दाखवत. अशा वेळी बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि या पाच मुलींना घेऊन कंपनी काढण्याचे ठरवले.

गणपतीच्या दिवसांत मंडळात या गोष्टीचा बराच ऊहापोह झाला. "अहो बाई, पुण्याला जा ना यार! आपली माणसं आहेत तिथं," एक अधिकारी म्हणाले. दुसऱ्यांनी सुचवले, "निदान नोएडा तरी घ्या. काय काचेच्या बिल्डिंगा उठतायत!"

"काच तुमच्याकडेच ठेवा," बाई म्हणाल्या. "मला उघडणाऱ्या खिडक्या हव्यात. आणि माझ्या पोरींना अंधार पडायच्या आत चालत घरी जाता आलं पाहिजे. बस्, माझं शहर ठरलं."

भांडवल मिळणार होते करोल बागेतील एका व्यापाऱ्याकडून. मोटारींच्या सुट्या भागांचे त्यांचे मोठे दुकान होते. सगळे त्यांना लालाजी म्हणत. मनाने उदार, पण एकच हट्ट. "बहनजी, कंप्यूटर बोलो तो बैंगलोर. गाझियाबाद बोलो तो ग्राहक पूछता है, नट-बोल्ट क्या भाव दिया?"

"लालाजी, इन लड़कियों को घरवाले मेरठ तक नहीं भेजते. बैंगलोर भेजेंगे?"

अखेर तडजोड झाली. उद्घाटनाच्या दिवशी लालाजींच्या दुकानातील मालाची यादी संगणकावर चालवून दाखवायची. त्यांचे समाधान झाले तर कंपनी गाझियाबादेत, नाही तर बंगळूरला.

पूजा सांगण्याचा मान माझ्याकडे होता. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि परिचितांची धर्मकार्ये यथाशक्ति करीत असे. नव्या यंत्राची पूजा होण्यापूर्वी ते चालवू नये, असे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. दोन दिवस आधी बाईंनी विचारले, "गुरुजी, वीज इथं केव्हाही जाते. जनरेटर तेवढा एकदा चालवून बघू?" मी म्हणालो, "पूजेआधी नको." कोणाचेही न ऐकणाऱ्या बाईंनी माझे ऐकले.

कंपनीसाठी घेतलेली पिठाच्या गिरणीवरची खोली झेंडूच्या माळांनी सजली होती. तीन संगणकांवर लाल वस्त्र, गॅलरीतील जनरेटरला हळदकुंकू. आरती झाली, वस्त्रे दूर केली, आणि संगणकांचे पडदे उजळण्याआधीच वीज गेली. मुलींपैकी थोरली रेखा जनरेटरची दोरी ओढू लागली. ओढून ओढून तिचे हात लाल झाले; यंत्र हूं की चूं करीना. जनरेटर विकणाऱ्या दुकानदाराने पेट्रोलची नळीच जोडली नव्हती, हे संध्याकाळी कळले.

लालाजी उठले. "बहनजी, लो! भगवान ने भी जवाब दे दिया."

"भगवान को बीच में मत लाइए," बाई म्हणाल्या. "जनरेटर मैंने नहीं जाँचा. गलती मेरी है, शहर की नहीं."

मला गप्प बसवेना. "लालाजी, मना मैंने किया था. दोष मेरा है," मी म्हणालो.

लालाजी हात जोडून हसले. "तब तो और पक्का, पंडितजी! यहाँ मुहूर्त भी काम नहीं करता." मग बाईंकडे वळून ते सौम्यपणे म्हणाले, "बैंगलोर बोलो, पैसा कल पहुँच जाएगा."

पाची मुली बाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाईंनी प्रसादाचा द्रोण उचलला आणि लालाजींच्या हातावर ठेवला. "प्रसाद लेते जाइए, लालाजी. सीढ़ियाँ अँधेरी हैं, सँभलकर." जिन्यावरची पावले विरली तेव्हा त्या मुलींना म्हणाल्या, "खिड़कियाँ खोलो. आज काग़ज़ पर लिखेंगे."

लालाजींचे पैसे आले नाहीत, म्हणून दोन संगणक दुकानात परत गेले. उरलेल्या एकावर पाचजणी पाळीपाळीने बसत. ज्यांची पाळी नसे त्या खिडकीपाशी कागदावर प्रोग्राम लिहीत. कामे मिळाली ती शेजारच्या कारखान्यांचीच. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही देवाचं काम केलंत, गुरुजी. माझं काम मी केलं नाही. पुढच्या वेळी आधी चालवून बघेन, आणि तुम्हाला विचारणार नाही." त्या वाक्याने मला जे शिकवले ते गुरुगृही शिकायचे राहून गेले होते. यंत्र नीट पारखून घेणे हीही त्याची पूजाच, असे मी तेव्हापासून यजमानांना सांगत आलो आहे.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मंडळाच्या सभागृहात सकाळी शोकसभा झाली. एक वक्ते हळहळले, "बाई बंगळूरला गेल्या असत्या, तर कुठल्या कुठे पोचल्या असत्या!" मी उत्तरासाठी शब्द जुळवत होतो. इतक्यात पुढच्या रांगेतून रेखा उठली. तिचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. बाईंच्या तसबिरीला नमस्कार करून ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, चलती हूँ. लड़कियाँ दफ़्तर के बाहर खड़ी होंगी, चाबी मेरे पास है."